पुढच्या गाडीच्या मागे लागलं की आपली गाडी वळत का नाही?

सेटअपला, म्हणजे गेममधल्या गाडीच्या जुळवणीला, अजून हात लावू नका. आधी गाडी नेमकी कशामुळे बाहेर जाते ते ठरवू.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : फॉर्म्युला वनच्या गेममध्ये एकटे चालवता तेव्हा लॅप टाइम छान येतात. शर्यतीत मात्र पुढच्या गाडीपासून एक सेकंदाच्या आत गेलात की वेगवान वळणांत पुढची चाकं ऐकेनाशी होतात आणि गाडी बाहेर सरकते. सरळ रस्त्यावर तुम्ही त्याला पुन्हा गाठता, पुढच्या वळणात पुन्हा मागे पडता. ब्रेकही लागत नाहीत असं वाटतं. हे ‘डर्टी एअर’मुळे (पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेमुळे) होतं का, गेम मुद्दाम करतो का, आणि फ्रंट विंग (गाडीच्या नाकावरचा पंख) वाढवली की सुटेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी बारा-तेरा वर्षं सिम रेसिंग करतोय, त्यातली बरीचशी लीगमध्ये. नव्या लोकांचे रिप्ले बघून चूक कुठे होते ते सांगायचं काम हळूहळू माझ्याच गळ्यात पडलंय. ही तक्रार दर मोसमात कुणी ना कुणी आणतोच, आणि दोष नेहमी हवेलाच दिलेला असतो. रिप्ले उघडला की आत तीन निरनिराळ्या गोष्टी सापडतात. हवा त्यातली एक, आणि ती खरी आहे. दुसरी म्हणजे स्लिपस्ट्रीममुळे (पुढच्या गाडीच्या आडोशाला अडवणारी हवा कमी होते त्यामुळे) तुम्ही वळणाशी नेहमीपेक्षा जास्त वेगाने पोचता. तिसरी म्हणजे तुमचे डोळे. तिघींवरचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी त्या सुट्या करायला हव्यात.

हवेपासून सुरुवात करतो. होडी पुढे गेली की तिच्यामागचं पाणी काही वेळ ढवळलेलं राहतं, शिवाय थोडं होडीच्याच दिशेने ओढलंही जातं. गाडीमागच्या हवेचं तेच होतं. पुढच्या गाडीने ती हवा ढवळलेली असते आणि थोडीशी स्वतःबरोबर ओढलेली असते. त्यामुळे तुमच्या पडद्यावर वेग २८० दिसत असला तरी तुमच्या विंगवर येणारी हवा २८०ने येत नसते, त्याहून कमी वेगाने येते. सरळ रस्त्यावर हे तुमच्या फायद्याचं आहे, कारण अडवणारी हवा कमी झाली की गाडी पळते. वळणात मात्र गाडीला रस्त्यावर दाबून धरायलाही तीच हवा लागते, आणि ती पुरेशी मिळत नाही. बरेच जण स्लिपस्ट्रीम आणि डर्टी एअर या दोन वेगळ्या वस्तू समजतात. हवा एकच आहे, सरळ रस्त्यावर उधार देते आणि वळणात वसूल करते.

वसुली जड का पडते, तर डाउनफोर्स, म्हणजे हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. विंगवर येणारी हवा १० टक्के मंदावली तर डाउनफोर्स १० नव्हे, १९ टक्के कमी होतो (०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१). त्यात हवेची दिशाही बिघडलेली असते. गाडीची विंग हवा वर ढकलते आणि त्याच्या बदल्यात स्वतः खाली दाबली जाते. पुढच्या गाडीच्या मागच्या विंगने आणि डिफ्यूझरने (गाडीच्या तळाशी मागच्या टोकाला असलेल्या भागाने) हवा आधीच वर फेकलेली असेल, तर तुमच्या फ्रंट विंगला ढकलायला उरतंच किती?

खऱ्या जगातले आकडे हवेत तर २०२२ चे नियम आणताना फॉर्म्युला वननेच ते दिले होते. आधीच्या पिढीच्या गाड्या पुढच्या गाडीच्या २० मीटर मागे असताना ३५ टक्के डाउनफोर्स गमावत, १० मीटरवर आल्या की ४६ टक्के. नव्या गाड्यांसाठी हेच आकडे ४ आणि १८ टक्के सांगितले गेले. पुढच्या मोसमांमध्ये संघांनी नियमांतून वाटा काढल्या आणि मागे राहणं पुन्हा अवघड झाल्याची तक्रार चालक करू लागले, तो भाग निराळा. तुमच्यासाठी मुद्दा एवढाच की गेममध्ये तुम्ही कोणत्या वर्षाची गाडी चालवताय ते बघा. २०१७ ते २०२१ मधल्या रुंद, भरपूर डाउनफोर्सच्या गाड्यांमध्ये हा त्रास सर्वांत जास्त, आणि गेमने तो दाखवला तर तो प्रामाणिकपणा आहे.

हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न त्याआधीही झाला होता. २००९ मध्ये पुढची विंग १४०० मिलिमीटरवरून १८०० मिलिमीटर रुंद केली आणि मागची १००० वरून ७५० वर आणली, हेतू हाच की मागच्याला जरा बरी हवा मिळावी. तेवढ्याने भागलं नाही म्हणून २०११ मध्ये डीआरएस (सरळ रस्त्यावर मागची विंग उघडून मागच्या गाडीला वेग देणारी सोय) आलं आणि २०२५ पर्यंत टिकलं. म्हणजे वर्षानुवर्षं इंजिनिअर ज्याच्याशी झगडले त्यावर आपण एका संध्याकाळी सेटअप बदलून मात करू, ही आशा जरा जास्तच आहे.

आता एक छोटं गणित. ते समजलं की बाकीचं आपोआप सुचतं. समजा, ताशी २२० किलोमीटरच्या वळणात तुमच्या गाडीवर तिच्या वजनाच्या दीडपट डाउनफोर्स आहे. टायर रस्त्यावर दाबणारा एकूण भार झाला अडीचपट. मागे लागल्यामुळे डाउनफोर्स २० टक्के कमी झाला, दीडचा १.२ राहिला. एकूण भार २.२. म्हणजे पकड १२ टक्क्यांनी घटली. ऐकायला फार वाटत नाही. पण पकड घटली म्हणून तुम्ही वेग कमी करता, वेग कमी केला म्हणून डाउनफोर्स आणखी घटतो, म्हणून वेग आणखी कमी करावा लागतो. हा जिना उतरत गेलात की गणित जिथे थांबतं तो वेग येतो साधारण ताशी १९३. तब्बल २७ किलोमीटरचा फरक! टायरचं वागणं इतकं सरळसोट नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा इकडेतिकडे होईल, पण दिशा हीच.

तीच गाडी, तेवढंच २० टक्के नुकसान, पण आता वळण हेअरपिन (जवळजवळ उलटं फिरवणारं अरुंद वळण), वेग ताशी ७०. इतक्या कमी वेगाला डाउनफोर्स मुळातच वजनाच्या जेमतेम १५ टक्के उरलेला असतो. त्याचे २० टक्के गेले तर गेलं काय? गणित मांडलं तर ७० ऐवजी ६९. एक किलोमीटर.

याचा अर्थ, डर्टी एअर सगळ्या ट्रॅकवर सारखी पसरलेली नसते. ती मोजक्या वळणांत भेटते. बार्सिलोनाचं तिसरं आणि नववं वळण, सिल्व्हरस्टोनवरचा मॅगॉट्स-बेकेट्सचा पट्टा, सुझुकाचे सुरुवातीचे नागमोडी एस, अशा जागी. तुमच्या ट्रॅकचा नकाशा काढा आणि ज्या वळणांत तुमचा वेग १८०च्या वर राहतो तेवढ्यांवर खूण करा. हवेवर विचार करायचा तो तेवढ्याच ठिकाणी. हेअरपिनमध्ये गाडी बाहेर जात असेल तर हवेला दोष देऊ नका, तिथे चूक आपली असते.

याला जोडून अंतराचा एक घोळ आहे. पडद्यावर फरक सेकंदांत दिसतो, पण हवेला सेकंद कळत नाहीत, मीटर कळतात. एक सेकंदाचं अंतर ताशी २९० ला ८० मीटर असतं, २२० ला ६१ मीटर आणि ७० ला अवघं १९ मीटर. म्हणून हेअरपिनमध्ये वाटतं की आपण त्याच्या अगदी अंगावर आलो, आणि बाहेर पडताच वाटतं की हा निसटला. दोन्ही भास. तो आधी थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) देतो म्हणून आधी पळतो, तुम्ही एक सेकंदाने तेच करता. निसटला म्हणून घाबरून पुढच्या वेगवान वळणात जास्त वेगाने घुसणारे मी डझनांनी पाहिलेत. त्या क्षणी पडद्यावरचा आकडा वाचा, डोळ्यांना दिसणारं अंतर नव्हे.

आता दुसरी गोष्ट, ब्रेक. तुम्ही लिहिलंय की ब्रेक लागत नाहीत. ब्रेक लागतायत, पण कामच वाढलंय. एकट्याने तुम्ही वळणाआधी २८० ला पोचत असाल तर स्लिपस्ट्रीममध्ये, वर डीआरएस उघडं असेल तर, २९० किंवा त्याहूनही पुढे जाल. दहा किलोमीटर क्षुल्लक वाटतात, पण थांबवायची ऊर्जा सात टक्क्यांनी वाढलेली असते. शिवाय इतक्या वेगाला गाडी नुसती ब्रेकने थांबत नाही, त्यातलं काही काम समोरून आदळणारी हवा करत असते, आणि ती हवा या वेळी पुढच्या गाडीने अडवली आहे. टायरवरचा दाब कमी म्हणून चाकं लवकर लॉक होतात ते वेगळंच. एवढं सगळं विरुद्ध असताना तुम्ही ब्रेक लावता त्याच पाटीवर, जिथे सराव करताना लावत होता.

मी स्वतः मोठ्या सरळ रस्त्यानंतर, अगदी मागे असेन तर, १० ते १५ मीटर आधी ब्रेक लावतो. सुरुवातीला हे जिवावर येतं, कारण हल्ला करायचाय आणि आपणच आधी ब्रेक मारतोय. पण ओव्हरटेक करायचा नसेल त्या लॅपमध्ये उशिरा ब्रेक लावून मिळतं काय? पुढची गाडी वाटेतच उभी असते. तुम्ही तिच्या मागच्या विंगपर्यंत पोचता आणि मग तिच्या वेगाने, तिच्या ओळीवर, तिच्या हवेत वळता. आधी ब्रेक लावलात तर वळणाच्या मध्यात थोडी मोकळी जागा राहते आणि बाहेर पडताना थ्रॉटल तुम्ही तिच्याआधी देऊ शकता.

तिसरी गोष्ट डोळे. हे कबूल करायला कुणालाच आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं. पुढे गाडी असली की माणूस नकळत तिच्या मागच्या विंगकडे टक लावून बसतो. ती ब्रेक लावते तेव्हा आपण लावतो, ती वळते तेव्हा आपण वळतो. पण ती तुमच्या पुढे आहे, म्हणजे ती वळते तेव्हा तुमचं वळण अजून आलेलंच नसतं. तुम्ही लवकर आत वळता, आतली कड फार आधी गाठता आणि बाहेर पडताना रस्ता संपतो. रिप्लेमध्ये हे हुबेहूब अंडरस्टीअरसारखं (पुढची चाकं घसरून गाडी कमी वळते तसं) दिसतं, चालवणाऱ्यालाही तसंच वाटतं, आणि हवेचा त्यात काडीचाही संबंध नसतो. भरीला ब्रेकची पाटी पुढच्या गाडीआड लपलेली असते.

हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे आणि तुमच्या गेममध्येच आहे. टाइम ट्रायलमध्ये (एकट्याने घड्याळाशी चालवायच्या प्रकारात) जा आणि एखादा घोस्ट (आधीच्या लॅपची पारदर्शक गाडी) लावा, तुमचाच चालेल. त्याच्या मागे अर्धा सेकंद राहून पाच-सात लॅप मारा. घोस्टला शरीर नाही, त्यामुळे त्याच्यामागे ढवळलेली हवाही नाही. तरीही तुमची गाडी बाहेर जात असेल तर गुन्हेगार सापडला. घोस्टच्या मागे आणि एकटं, दोन्हींत गाडी सारखीच वळत असेल, पण खऱ्या गाडीमागे वळत नसेल, तर उरलेला फरक हवेचा. माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न या घोस्टनेच निकालात काढलाय.

डोळ्यांसाठी उपाय कंटाळवाणा आहे. ब्रेकची खूण पाटीवर ठेवू नका, ती झाकली जाते. कठड्याचा रंग बदलतो ती जागा, डांबराचा जोड, बाजूच्या झाडीची कड, असं काहीतरी कडेचं आणि पुढच्या गाडीने न झाकलं जाणारं निवडा. आणि वळणात शिरताना नजर तिच्या छपरावरून पलीकडे, वळणाच्या आतल्या कडेवर न्या. सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात.

इथवरचा हिशेब असा : वेगवान वळणात हवा, सरळ रस्त्याच्या शेवटी वाढलेला वेग, आणि सगळीकडे डोळे. पुढचं सगळं ‘परिस्थितीवर अवलंबून’ या सदरातलं आहे, त्यामुळे डोळे झाकून लागू करू नका.

पहिली परिस्थिती म्हणजे गाडी. उघड्या चाकांच्या गाड्यांत फ्रंट विंग सर्वांत पुढे, थेट खराब हवेच्या तोंडी, त्यामुळे बहुतेक वेळा आधी पुढची पकड जाते आणि अंडरस्टीअर येतो. जीटी३ गाड्यांत (शर्यतीसाठी बदललेल्या स्पोर्ट्स कारमध्ये) डाउनफोर्स कमी आणि वजन जास्त, त्यामुळे तोच त्रास सौम्य होतो. तिथे गाडी बाहेर जाते ती हळूहळू, सावध करत. विंग नसलेल्या साध्या रस्त्यावरच्या गाड्यांत, माझदा एमएक्स-५ सारख्या, वळणात जवळपास काहीच जाणवत नाही आणि सरळ रस्त्यावर नुसता फायदा. म्हणून नाकाला शेपूट लावून चालवायचा सराव तिथे करावा. ओव्हलवरच्या (लंबगोल ट्रॅकवरच्या) स्टॉक कार ही तऱ्हाच वेगळी. तिथेही मागच्याची पुढची चाकं हलकी होतात, पण मागून कुणी अगदी बंपरला चिकटला तर पुढच्या गाडीच्या मागच्या स्पॉयलरवरची हवा बिघडते आणि पुढच्याच गाडीची शेपटी सुटते. म्हणजे मागच्याने न शिवता पुढच्याला गिरकी घ्यायला लावायची! पहिल्यांदा माझ्यावर हे झालं तेव्हा मला धक्का लागला अशीच माझी खात्री होती. रिप्लेत दोन गाड्यांमध्ये स्पष्ट फट दिसत होती.

दुसरी परिस्थिती म्हणजे गेम. ‘गेम मुद्दाम करतो का’ याचं उत्तर : करतो, पण तुम्ही म्हणता त्या अर्थाने नाही. खरा हवेचा प्रवाह सोडवायला मोठ्या संगणकांना तासन्‌तास लागतात. गेमला तर सेकंदाला शेकडो वेळा सगळ्या गाड्यांचं उत्तर हवं असतं. आयरेसिंग या गेममध्ये भौतिकीचं गणित सेकंदाला ३६० वेळा होतं, असेटो कोर्सामध्ये ३३३ वेळा. तेव्हा हवा प्रत्यक्ष सोडवत नाहीत, ठोकताळा वापरतात. पुढच्या गाडीपासून अंतर किती, ती किती बाजूला आहे, वेग किती, यावरून ड्रॅग (हवेचा अडथळा) इतका कमी आणि डाउनफोर्स इतका कमी, असं ठरतं. साध्या गेममध्ये ड्रॅग तेवढा कमी करतात, डाउनफोर्सला हात लावत नाहीत. तिथे मागे राहणं म्हणजे निव्वळ बक्षीस. काही गेमच्या ऑनलाइन लॉबीत स्लिपस्ट्रीमचा जोर वाढवायची सोयच असते आणि मग सगळ्या गाड्या रबराने बांधल्यासारख्या ओढल्या जातात. म्हणून एका गेममधली अटकळ दुसऱ्यात नेऊ नका. संगणकाने चालवलेल्या गाड्यांनाही हा त्रास तितकाच होतो का, हेही गेमगणिक बदलू शकतं, त्यामुळे त्यांच्याकडे बघून धडे घेऊ नका. माणसांसोबत तपासा.

ठोकताळ्यामुळे आपला एक फायदा होतो. खराब हवेचा पट्टा बहुधा पुढच्या गाडीच्या पाठीमागे शंकूसारखा धरलेला असतो. त्यातून बाजूला सरकलात की परिणाम झपाट्याने कमी होतो. अर्धी गाडी, फार तर एक गाडी बाजूला. वेगवान वळणात शिरताना मी पुढच्याच्या ओळीवर न राहता जरा आतून किंवा जरा बाहेरून जातो, म्हणजे निदान पुढच्या विंगच्या एका बाजूला ताजी हवा मिळते. आदर्श ओळ सुटते, थोडा वेग जातो, पण गाडी ऐकते. खरे चालकही सरळ रस्त्यावरसुद्धा मधूनच बाजूला डोकावतात ते काही वेळा ओव्हरटेकसाठी नसतंच, रेडिएटर आणि ब्रेकना हवा मिळावी म्हणून असतं. गेममध्ये इंजिनचं तापमान मोजलं जात असेल तर तुम्हालाही तेच करावं लागेल. बाजूला जाताना एक भान ठेवा, आदर्श ओळीबाहेर रबराचे तुकडे आणि धूळ असते. काही गेम तेही मोजतात.

आता टायर. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. पुढची पकड कमी झाली की माणूस स्टीअरिंग आणखी वळवतो. टायर रस्त्यावर घासत राहतो, त्याचा पृष्ठभाग तापतो, तापला की पकड आणखी जाते, मग आणखी वळवतो. एका वळणातलं नुकसान असं चार लॅपनंतर सगळ्या वळणांत पसरतं. बार्सिलोनाच्या एका लीग शर्यतीत मी आठ लॅप एकाच्या मागे अर्ध्या-पाऊण सेकंदावर चिकटून होतो. तिसरं वळण लांबच लांब उजवं, सगळा भार डाव्या पुढच्या टायरवर. मला वाटत होतं, मी दबाव आणतोय. नवव्या लॅपला तो टायर इतका संपला की हेअरपिनसारख्या वळणातही गाडी सरळ जाऊ लागली. मागून तिसऱ्या क्रमांकाचा आला, जो पूर्ण वेळ अडीच सेकंद मागे निवांत बसला होता. त्याने मला गाठलं आणि पुढच्या तीन लॅपमध्ये त्यालाही गाठलं ज्याच्यामागे मी रक्त आटवत होतो. त्या दिवसानंतर मी चिकटून बसणं सोडलं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. हल्ला करायचा नसेल त्या लॅपमध्ये दीड ते दोन सेकंद मागे राहतो, डाव्या-उजव्या पुढच्या टायरचं तापमान खाली येऊ देतो, बॅटरी भरतो. मग एक लॅप ठरवतो. त्या लॅपमध्ये ओव्हरटेकच्या जागेआधीचं शेवटचं वळण वेगवान आहे की मंद, हे सर्वांत महत्त्वाचं. मंद असेल तर अगदी जवळ जायला हरकत नाही, हवा नडत नाही. बार्सिलोनात फॉर्म्युला वनसाठी २००७ मध्ये शेवटच्या वेगवान वळणाआधी शिकेन (वेग कमी करायला लावणारं छोटं नागमोडी वळण) बसवला, तो याच आशेने. २०२३ मध्ये तो काढूनही टाकला. शेवटचं वळण वेगवान असेल तर उलट करा. वळणाआधी मुद्दाम अंतर सोडा, जवळजवळ एक सेकंद, म्हणजे तुम्हाला बऱ्यापैकी स्वच्छ हवा मिळेल, थ्रॉटल पूर्ण दाबून लवकर बाहेर पडाल आणि वाढलेल्या वेगाने सरळ रस्त्यावर त्याच्या स्लिपस्ट्रीममध्ये शिराल. चिकटून वळलात तर वळणाच्या मध्यात थ्रॉटल सोडावाच लागेल आणि तिथे गेलेला वेग सरळ रस्ता संपेपर्यंत भरून येत नाही. डीआरएस असलेल्या गेममध्ये मोजणीच्या रेषेवर एक सेकंदाच्या आत असलात की पुरे, तिथे ०.३ वर असण्याचं वेगळं बक्षीस नाही.

वळणाच्या मध्यात गाडी बाहेर सरकू लागली तर काय करायचं? व्हील असेल तर आधी हातांना कळतं. पुढच्या चाकांवरचा भार गेला की स्टीअरिंग हलकं पडतं, कारण व्हीलला विरोध करणारी ताकद टायरकडूनच येते. ते हलकं पडल्याक्षणी आणखी वळवायचा मोह आवरा. उलट कणभर सरळ करा, थ्रॉटल थोडा सोडा, नाक पुन्हा रस्त्यावर बसू द्या आणि मग वळवा. पाव सेकंद जाईल, पण टायर वाचेल. पॅडवर खेळणाऱ्यांना हा इशारा मिळत नाही, त्यांनी टायर घासल्याचा आवाज ऐकायला शिकावं. गेममधलं संगीत बंद करा, हा माझा जुना आग्रह आहे.

ब्रेक बायस (पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) तुम्ही शर्यत चालू असताना बदलू शकता. मागे असताना पुढची चाकं लवकर लॉक होत असतील तर एक टक्का मागे घ्या. एकच. दोन घेतलात आणि मध्येच पुढचा पिटमध्ये गेला, तर स्वच्छ हवेत पहिल्याच ब्रेकला तुमची शेपटी पुढे येईल.

राहिली फ्रंट विंग. ती एखादी क्लिक (सेटअपमधली एक पायरी) वाढवून मागे असतानाचा अंडरस्टीअर थोडा कमी होतो, हे खरं आहे, आणि ज्या शर्यतीत मी मधल्या गर्दीतून सुरुवात करणार असतो तिथे मी तसं करतोही. पण तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर आली की पुढून जास्त आणि मागून कमी पकडते, म्हणजे ओव्हरस्टीअर. ट्रॅक्शन कंट्रोल (मागची चाकं जागीच फिरू न देणारी मदत) चालू असेल तर थ्रॉटल दिल्यावरचा ओव्हरस्टीअर झाकला जाईल. वळणात शिरतानाचा झाकला जाणार नाही. पात्रता फेरीत पहिल्या दोन रांगांत येत असाल तर ही क्लिक तुम्हाला महाग पडेल. दहाव्या जागेवर असाल तर स्वस्त.

तेव्हा आधी घोस्टचा प्रयोग करा. मग एखाद्या मित्राला घेऊन रिकामी लॉबी उघडा, त्याला एकसारख्या वेगाने चालवायला सांगा, इंधन आणि टायर दोघांचे सारखे ठेवा, आणि एकच वेगवान वळण निवडा. तीन लॅप त्याच्या अडीच सेकंद मागून, तीन लॅप एक सेकंदाने, तीन अर्ध्या सेकंदाने. प्रत्येक वेळी त्या वळणाच्या मध्यातला कमीत कमी वेग आणि डाव्या-उजव्या पुढच्या टायरचं तापमान लिहून ठेवा, रिप्लेमध्ये सगळं दिसतं. अंतर कमी होईल तसा वेग घटत गेला, किंवा तोच वेग राखायला स्टीअरिंग जास्त वळवावं लागलं, तर हवा खरंच त्रास देतेय. तिन्ही अंतरांवर आकडे सारखेच आले, तर पुन्हा डोळे आणि ब्रेककडे या. ते नऊ आकडे आणि शर्यतीत साधारण कितव्या जागेवरून सुरुवात करता ते कळवा, मग विंगच्या क्लिकचं बोलू.